‘एटीपी पास, म्हणजे बायोफिल्म नाही’ हे खरं नाही

डेअरीवाल्यांच्या गटांत एक मजकूर फिरतोय: ‘स्टील चकाकतंय, एटीपी मीटर पास दाखवतोय, तर बायोफिल्म नाही. शंका आलीच तर उकळतं पाणी सोडा आणि क्लोरीन दुप्पट करा.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही. (बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागाला चिकटून बसलेला, चिकट आवरणातला जिवाणूंचा थर; एटीपी म्हणजे पेशींतला ऊर्जा देणारा रेणू, जो मोजून स्वच्छता तपासतात.)

‘स्टील चकाकतंय.’ चकाकतं ते टाकीचं पोट. बायोफिल्म बसते गॅस्केटच्या खाचेत, व्हॉल्व्हच्या सीटमागे, पाइपच्या बंद फाट्यात. फाटा पाइपच्या व्यासाच्या दुपटीहून लांब असेल तर सीआयपीचा (यंत्र न उघडता आतून होणाऱ्या धुलाईचा) प्रवाह आत नीट पोचत नाही. गॅस्केट काढा, कडेवर हातमोज्याचं बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर मीटर लावायचीही गरज नाही.

‘एटीपी पास.’ मीटर ल्युसिफेरेज या एन्झाइमच्या प्रकाशावरून एटीपी मोजतो. ते जिवाणूंचं की राहिलेल्या दुधाचं, हे त्याला कळत नाही. बायोफिल्मचं चिकट आवरण त्याला दिसत नाही आणि बीजाणूंत एटीपी नगण्य असतं. त्यात पृष्ठभागावर क्लोरीन उरलं असेल तर ते एन्झाइमच निकामी करतं. आकडा कमी येतो आणि सगळे खूश! म्हणून हा स्वॅब (कांडीने पुसून घेतलेला नमुना) धुलाईनंतर, पण सॅनिटायझरच्या आधी घ्यावा: १० × १० सेंमी चौकटीत, दाब देऊन, आडवा, उभा, तिरका, कांडी गोल फिरवत. गॅस्केटची मात्र पूर्ण कड पुसा. क्लोरीननंतर कल्चरसाठी (जिवाणू वाढवून बघायला) स्वॅब घेत असाल तर नळीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट हवंच, नाहीतर जिवाणू प्रयोगशाळेच्या वाटेतच मरतात.

बायोफिल्म ओळखायला पेरॉक्साइडचे फेस येणारे फवारेही मिळतात. ते कॅटालेज हे एन्झाइम ओळखतात, आणि दह्याच्या जिवाणूंत ते नसतं. दही-ताकाच्या लाइनवर फेस आला नाही, याला काही अर्थ नाही.

‘उकळतं पाणी सोडा.’ दुधाची प्रथिनं स्टीलवरच शिजतात, एवढंच होतं. आधी ३५–४५ अंशांचं कोमट पाणी, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग कॉस्टिक सोडा १–१.५ टक्के, ७०–८० अंशांना. पाण्याने धुऊन नायट्रिक आम्ल ०.५–१ टक्के, ६० अंशांच्या आसपास. तापमान परतीच्या लाइनवर बघा, टाकीवर नाही. वेग किमान १.५ मीटर प्रति सेकंद. पंप दमला असेल तर रसायन वाढवून भागत नाही.

‘क्लोरीन दुप्पट.’ ते वरच्या थरातच खर्च होतं, शिवाय स्टीलला खड्डे पाडतं. आम्ल नीट धुतलेलं नसेल तर विषारी वायू सुटतो.

पाश्चरायझरच्या रिजनरेशन विभागात (जिथे गरम दूध येणाऱ्या थंड दुधाला तापवतं) स्वॅब पोचत नाही, आणि ४० ते ६५ अंशांना उष्णताप्रेमी जिवाणू तिथेच फोफावतात. तिथे दूधच तपासा: सुरुवातीचं आणि आठव्या तासाचं, ५५ अंशांवर वाढवून. आकडा चढत गेला तर प्लेट्स उघडा.