लेकरं कोंडून गल्ली सुरक्षित होत नाही

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच व्हिडिओ आला. पांढरी गाडी, तोंड बांधलेली माणसं आणि खाली ‘आपल्याच शहरातली घटना, लेकरं सांभाळा’. कुठला, कधीचा, पाठवणाऱ्यालाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली एक लेकरू खेळायला नव्हतं.

असल्या अफवेपायीच 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी समजून! त्यामुळे ‘पाठवायला काय जातंय’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगरात दोन लहान लेकरं वाढवतेय. नशेच्या बटन गोळ्या खाऊन तर्राट फिरणारी पोरं इथं सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर खांब आहे, दिवा नाही. अंधार पडल्यावर तिकडून जायला मीच कचरते.

पण आपण भितो कुणाला? अनोळखी माणसाला. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत बहुतेक आरोपी ओळखीचेच निघतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवताहेत. 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणात आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. म्हणजे दाराला डबल लॅच लावून आपण भलत्याच माणसाला बाहेर ठेवतोय.

आणि लग्नकार्यात आपण काय करतो? ‘काकांना पप्पी दे गं.’ लेकरू मागं सरकलं की ‘लाजतंय’ म्हणून पुढं ढकलतो. मी लेकीला सांगितलंय, नको वाटलं तर नाही म्हणायचं, हात जोडून नमस्कार केला तरी पुरे. यावरून मोठ्या जाऊबाई रुसल्यात. रुसू द्या. घरातल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसेल, तर व्हॅनवाल्याला किंवा शिकवणीच्या सरांना ती कुठून म्हणणार?

सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वसमतला पोरं दिवे लागेपर्यंत बाहेर असायची, कुणी विचारत नव्हतं.’ अहो आई, विचारायची गरजच नव्हती, गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. तेव्हाही वाईट घडायचं, फक्त घरातल्या घरात दाबलं जायचं. हे मी बोलले की त्या विषय बदलतात.

हे दाबणंच मला सगळ्यात घातक वाटतं. ‘लेकराला पोलीस ठाण्यात कशाला ओढायचं, नाव खराब होईल’ असं शिकलेली माणसंही म्हणतात. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि तेव्हा अंगावर गणवेश नसतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. माध्यमांना ओळख छापता येत नाही. उलट माहीत असून कळवलं नाही, तर तोच गुन्हा. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लेकराला कवितेसारखा पाठ करून घ्या. तातडीला 112 आहेच.

राहिला मागचा प्लॉट. तिथं दारुडे बसतात म्हणून मुलं जात नाहीत, असं सगळे सांगतात. माझ्या मते उलटं आहे. मुलं जायची बंद झाली, मग मोठी माणसंही तिकडं फिरकेनात, आणि जागा त्यांना आयती मिळाली. आता आम्ही काही जणी ऊन कललं की तिथं खुर्च्या टाकून बसतो. कुणी भाजी निवडतं, कुणी मोबाइल बघतं, पोरं समोर धिंगाणा घालतात. पहिल्यांदा दोघं-तिघं बाटली घेऊन आले, आम्हाला बघून घुटमळले आणि पुढं गेले. आम्ही ना भांडलो, ना कुणाला हटकलं.

दिव्यासाठी महापालिकेत अर्ज द्यायचाय, त्यावर मागच्या गल्लीतल्या सह्या हव्यात. आणि बसायला पुरुषमंडळीही हवीत. रोज फक्त बायकांनीच का राखण करायची? संध्याकाळी या. मेथी निवडायला देऊ.