‘गावठी अनुभव’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ‘दुखत नाही म्हणून हर्निया अंगावर काढू नका’ या माझ्या लेखाखाली (हर्निया म्हणजे पोटाच्या कमजोर जागेतून आतडं बाहेर येऊन फुगा दिसणं) आपण लिहिलंत : “तुम्ही डॉक्टर नाही. गावठी अनुभवावर आरोग्याचे लेख लिहून लोकांना घाबरवू नका. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, असं सर्जनच सांगतात. माझे काका वीस वर्षं पट्टा लावून मजेत आहेत. आणि तीन महिने विश्रांती हे कुठून आणलं?”

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. ठरवून केलेल्या, कमजोर जागी जाळी बसवायच्या साध्या ऑपरेशननंतर माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लागतो. आठ-पंधरा दिवसांत हलकी कामं करतो. जड ओझं मात्र ४ ते ६ आठवडे उचलू नये म्हणतात. तीन महिने माझ्या बाबांना लागले होते, तेच मी सरसकट लिहिलं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘गावठी’ हा शब्द काही केल्या गिळला जात नाही. चूक दाखवायला तो लागत नव्हता.

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. बाबा सोयाबीनचे कट्टे पाठीवर घेऊन बंडीत, म्हणजे बैलगाडीत टाकायचे. जांघेत लिंबाएवढा फुगा यायचा, संध्याकाळी खाटेवर उताणे झोपून ते तळव्याने हळूहळू दाबायचे आणि तो आत जायचा. “काही नाही होत रे, निजलो का बसते ते,” म्हणायचे. जुन्या धोतराची घडी करून वरून लंगोट आवळायचे. अशी सात वर्षं काढली, दुखलं कधीच नाही.

मग ऐन कापूस वेचणीत एका रात्री तो गोळा बसेना. हात लावला तर कच्च्या कवठासारखा टणक, आणि बाबा कळवळले. आधी ओकारी, मग हिरवट पाणी. गॅस सरेना. गावातल्या एकाने गॅसचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी बघू म्हणाला. त्या ‘सकाळी बघू’मध्ये आमचे सहा तास गेले. पहाटे गाडी मिळाली. ऑपरेशनमध्ये वीतभर आतडं काळं पडलेलं निघालं, तेवढं कापावं लागलं. जाळी टाकली नाही, नुसते टाके घेतले. ठरवून गेलो असतो तर कंबरेत भुलीची एक सुई आणि जांघेत एक चिरा, एवढ्यावर भागलं असतं.

हा अनुभव गावठीच आहे हो. गावात घडला, गावातल्या माणसाला घडला. तुम्ही असता त्या रात्री तिथे, तर हा शब्द लिहिण्याआधी तुमचा हात थांबला असता. मी डॉक्टर नाही हे लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे. ती ओळ तुम्ही वाचली नसावी, नाहीतर वाचूनही सोडली असावी.

‘घाबरवू नका’ म्हणता. टणक झालेला, आत न जाणारा, दुखणारा गोळा आणि सोबत ओकारी असेल तर तासाभराचीही वाट पाहू नका, हे सांगणं घाबरवणं असेल तर मी घाबरवणार. लेख काढणार नाही.

लक्ष ठेवण्याचं म्हणाल, तर डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल त्याने खुशाल ठेवावं. आमच्याकडे रात्री साधी काळीपिवळी मिळत नाही, तिथे नुसतं लक्ष ठेवून काय होणार? यावर जास्त वाद घालायची माझी इच्छा नाही.

काका मजेत आहेत, तसेच राहोत. फक्त त्यांना एवढं विचारा : पट्टा ते झोपून, गोळा पूर्ण आत गेल्यावरच बांधतात ना? बाहेर असताना आवळला तर त्याच्याखाली आतडं चेपतं. आणि जुना खोकला किंवा लघवीला जोर लावावा लागत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याने हर्निया वाढतो.