तुला तिकडे काय कमी आहे?

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत सध्या एकच विषय आहे: बहिणींना वाटा देऊन कोर्टाने घरं फोडली. कुणाच्या तरी आत्याने वाटपाचा दावा लावला आणि भावकीच्या ग्रुपवर बहिणींना हावरट ठरवणारे मेसेज सुरू झाले. त्यातच दादाने मला इकडे इंग्लंडमध्ये कळवलं, "हक्कसोडीचा मसुदा तयार आहे. तिकडून मुखत्यारपत्र पाठव. तुला तिकडे काय कमी आहे?"

कमी असण्याचा आणि हक्काचा संबंध काय? मुंबईत दोन फ्लॅट असलेल्या चुलतभावाला हे कुणी विचारत नाही. तो गणपतीला येतो, आरत्या म्हणतो, काजूची पिशवी घेऊन जातो. त्याचं नाव मात्र बिनबोभाट राहतं.

मुळात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानेच वाटा आहे हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने सांगितलं. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या प्रकाश विरुद्ध फुलवती निकालाने ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत अशी मेख मारली. ११ ऑगस्ट २०२० ला त्याच कोर्टात विनीता शर्मा खटल्यात ती उपटली गेली. हक्क जन्माचा असेल तर बाप कधी गेला याने काय फरक पडतो? त्याच निकालात भावांचा लाडका बचावही गेला. 'आजोबांच्या वेळीच तोंडी वाटणी झालीय' एवढं म्हणून आता सहसा भागत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी कायम. आमच्याकडे आजोबांच्या वेळी वाटले गेले ते फणस. सातबारा आजही सामायिकच आहे.

इथे रेडिंगमध्ये लोक मृत्युपत्र करून मोकळे होतात, माहेर तुटेल म्हणून गळे काढत नाहीत, असं मी दादाला ऐकवलं. इथल्याच इलॉट खटल्याबद्दल बोलले नाही. त्यात आईने सुमारे ४,८६,००० पौंडांची बहुतेक सगळी मालमत्ता प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली आणि दुरावलेल्या मुलीला, प्रकरण थेट इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन, २०१७ मध्ये ५०,००० मिळाले. जन्माने हक्क हा प्रकारच इथे नाही. मुलालाही नाही, यावर मी समाधान मानते.

त्याहून अडचणीचा इथलाच खटला २०२२ चा, गेस्ट विरुद्ध गेस्ट. थोरला मुलगा आईबापांच्या शेतावर तुटपुंज्या पगारात तीस वर्षांहून जास्त राबला, मोठा हिस्सा तुलाच देऊ या शब्दावर. मग बिनसलं आणि मृत्युपत्रातून त्याचं नाव गेलं. कोर्टाने त्याचा हक्क मान्य केला. कसं आणि कधी द्यायचं, यावरच न्यायाधीशांचा काथ्याकूट झाला. वाचताना मला दादा दिसत होता. आंब्याच्या कलमांची फवारणी, माकडांशी रोजची लढाई, मोहोर जळाला की सोसायटीचं कर्ज, आणि बाबांची अंथरुणातली शेवटची वर्षं. त्याच्या राबण्याचं मोल व्हायलाच हवं. हापूसचं उत्पन्न त्याचंच, हवं तर लिहून देते. पण ते मोल फक्त बहिणीच्या नावाने का चुकवायचं? चुलतभाऊ कुठे फवारणीला येतो? वहिनीने लांज्याला तिच्या माहेरी मुकाट सही केली, त्यामुळे माझ्यावर तिचा राग दादापेक्षा जास्त आहे.

दादाला एक गोष्ट ठाऊक नाही. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या माझ्यासारख्या मूळ भारतीयांना, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. आज सही केली तर पुढे कितीही पौंड ओतले तरी त्या वाडीतला एक गुंठा माझ्या नावावर होणार नाही. त्याला सांगितलं तर म्हणेल, तू येतेस कधी? खरंय, फारशी येत नाही. गेले तरी दुसऱ्या दिवसापासून उकाडा नि डास यांची तक्रार करते. जमिनीचं मी काय करणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पासपोर्टवर, काउन्सिल टॅक्सवर, घराच्या कर्जावर नवऱ्याचं आडनाव आहे. बाबांचं नाव माझ्या नावाला जोडून आता फक्त सातबाऱ्यावर राहिलंय, तेही वारस म्हणून फेरफार झाला तेव्हा लागलेलं. ते पुसायला मीच अंगठा लावायचा?

मे महिन्यात येतेय असं दादाला कळवलं आहे. सोसायटीच्या कर्जात माझ्या हिश्श्याचे पैसे भरीन, उत्पन्नाचं लिहून देईन. हक्कसोड नाही. त्याने मेसेज वाचलाय. चुलतभावाने मात्र ग्रुपवर लगेच अंगठा दाखवला, आणि कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.