‘विटनेस’मध्ये अमिशांना बंदूक वाचवते?

पीटर वीअरच्या १९८५ च्या ‘विटनेस’बद्दल एक मत सारखं पुढे केलं जातं: भोळेभाबडे, हतबल अमिश (आधुनिक साधनांपासून लांब राहणारा, अहिंसा पाळणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ), त्यांना वाचवणारा शहरी पोलीस, आणि शेवटी कामाला येते ती बंदूकच. माझा प्रिय सिनेमा आहे, म्हणून हे मुद्दाम खोडून काढतोय.

आधी ‘वाचवणारा’. फिलाडेल्फियाच्या स्टेशनातल्या स्वच्छतागृहात झालेला खून छोटा अमिश मुलगा सॅम्युएल पाहतो. खुनी पोलीसच निघतो. तपास करणारा जॉन बुक (हॅरिसन फोर्ड) विश्वासाने ते वरिष्ठ शेफरला सांगतो, पण तोच खुन्यांचा म्होरक्या असतो. बुक गोळी खातो आणि लँकेस्टर काउंटीतल्या सॅम्युएलच्या घरच्या शेतावर येऊन कोसळतो. संकट अमिशांच्या दारात आणलं ते पोलीस खात्याने. उलट बुकला लपवून, शुश्रूषा करून जगवलं या ‘हतबल’ लोकांनी.

भोळे? बुकचं पिस्तूल सॅम्युएलच्या हाती लागल्यावर आजोबा एलाय त्याला समोर बसवतात. मी फक्त वाईट माणसाला मारेन, पोरगा म्हणतो. वाईट कोण, हे तुला कळतं? हो, ते काय करतात ते मी पाहिलंय. या उत्तरात दम आहे आणि वीअर ते दडपत नाही. अहिंसा इथे अज्ञानातून आलेली नाही, वाद घालून पुढच्या पिढीकडे सोपवली जाते. याच काउंटीत २००६ साली निकेल माइन्सच्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच अमिश मुलींना मारलं. अमिश लोक त्याच्या घरच्यांचं सांत्वन करायला गेले, त्याच्या दफनालाही हजर राहिले. ही ताकद कुणाला दिसत नसेल तर नवल आहे.

अमिश जीवन नुसतं गोड रंगवलंय, हेही खोटं. बुकबरोबर नाचलेल्या रेचेलला, म्हणजे सॅम्युएलच्या आईला, बहिष्काराची भीती घातली जाते.

राहिली बंदूक. शेवटी शेफरबरोबर शेतावर आलेले दोन मारेकरी बुकच्या हातून मरतात, एक सायलोतल्या (धान्याच्या उंच कोठारातल्या) मक्याखाली गुदमरून, दुसरा गोळीने. हे नाकारत नाही. पण म्होरक्या शेफर? एलाय हाताने खूण करतात, सॅम्युएल घंटेचा दोर ओढतो, शेतांतून शेजारी धावत येतात आणि नुसते उभे राहतात. आता सगळ्यांनाच मारणार का, असं बुक शेफरला विचारतो, तेव्हा बुकच्या स्वतःच्या हातात शस्त्र नाही. एवढ्या डोळ्यांसमोर शेफरला पिस्तूल सोडावंच लागतं. त्याला नमवणारी ती निःशस्त्र माणसंच या मतात ‘हतबल’ ठरवली गेली आहेत.