एलँड: 'वीपिंग नाइट्स' हा त्रयीचा भाग नाही

'एलँड हा फ्रान्सचा मेटल बँड, त्यांची त्रयी १९९४, १९९६ आणि १९९७ ची, १९९८ नंतर बँड संपला' असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातलं बरंच चुकीचं आहे.

गट १९९३ मध्ये सुरू झाला, पण तो फ्रेंच-ऑस्ट्रियन. नावही फ्रेंच नाही. जर्मनमध्ये 'एलँड' म्हणजे दैन्य, हलाखी. मेटलचा (जड, कर्कश रॉकचा) शिक्का बहुधा गायनातल्या किंकाळ्यांमुळे आणि पहिले अल्बम होली रेकॉर्ड्स या मेटलच्या कंपनीनं काढल्यामुळे बसला असावा. प्रत्यक्षात पाया तंतुवाद्यांचा आणि गायनाचा आहे.

खरा घोळ त्रयीचा. 'ऑफिशियम टेनेब्रारम' या तीन अल्बमांच्या त्रयीत 'लेसाँ द तेनेब्र' (१९९४), 'ले तेनेब्र द्यु दऑर' (१९९६) आणि 'दि अंबरसन' (१९९८) हे तीन येतात. १९९७ चा 'वीपिंग नाइट्स' म्हणजे दुसऱ्या अल्बमचीच पुनर्रचना: पुरुषी किंकाळ्या काढलेल्या, थोडी नवी भर. सालवार यादीत तो मध्येच बसतो, म्हणून मोजणी चुकते. दोन्ही लागोपाठ ऐका, लगेच कळेल.

पहिल्या अल्बमच्या शीर्षकात ('लेसाँ द तेनेब्र') सैतानपूजा शोधणाऱ्यांसाठी: कॅथलिक पवित्र सप्ताहातल्या, मेणबत्त्या एकेक विझवत जाणाऱ्या प्रार्थनेसाठीच्या संगीताचं ते जुनं नाव. फ्रेंच संगीतकार कूपराँनं १७१४ च्या सुमारास याच नावाच्या रचना केल्या.

आणि १९९८ नंतर? २००३, २००४ आणि २००७ मध्ये आणखी तीन अल्बम आले. डार्क अँबियंटच्या (गडद, वातावरणनिर्मितीवर भर देणाऱ्या संगीताच्या) सर्वांत जवळचा शेवटचा, 'अ वर्ल्ड इन देअर स्क्रीम्स'.