‘घोडा फुकट न्या, गवतावर जगतो’: फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज पुन्हा डोकं वर काढतो. सोबत बरगड्या मोजून घ्याव्यात अशा एका पांढऱ्या घोड्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या नुकत्याच बंद झाल्या, रेसचे घोडे जायबंदी झाले की मालक वाऱ्यावर सोडतात, तेव्हा दोन-चार गुंठे मोकळी जागा असेल तर एक घोडा फुकट घरी न्या. गवतावर जगतो, खर्च नाही. महिनाभर हरभरा-गूळ घातलात की धष्टपुष्ट. गुरांचा डॉक्टर चालतो, मुलांना रपेट मिळते, कागदपत्रांची भानगड नाही. आणि शेवटी हुकमी एक्का: ‘मराठ्यांची घोडी रानातल्या गवतावर अटकेपार गेली!’

हाल होणारे घोडे आहेत, हे खरंच आहे. लग्नाच्या वरातींत, पर्यटनस्थळी, वीटभट्ट्यांवर ते कुणालाही दिसतात. त्यांना घर मिळावं असं मलाही वाटतं, म्हणून तर हा मेसेज पुढे ढकलू नका असं सांगतोय. यातल्या सल्ल्याबरहुकूम आणलेला घोडा वाचण्याऐवजी मरण्याची शक्यता जास्त.

आधी किरकोळ चूक उरकून टाकू. मुंबईत हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या त्या जून २०१५ मध्ये, आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. २०२१ मध्ये मुंबईत आलेल्या नव्या व्हिक्टोरिया बॅटरीवरच्या, घोडा नसलेल्या. म्हणजे मेसेजमधला ‘नुकत्याच’ शिळा आहे, आणि तेव्हा दहा-बारा वर्षांचा असलेला घोडा आज असलाच तर म्हातारा आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. रेसमधून निघालेला घोडा बहुतेक वेळा तरुणच असतो, पाच-सात वर्षांचा. आज तुमची मुलगी पाचवीत असेल तर ती शिकून नोकरीला लागेल तरी घोडा दावणीला असेल. ‘फुकट’ म्हणतात ते याला.

‘गवतावर जगतो, खर्च नाही.’ हिशेब करू. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकी वैरण लागते, म्हणजे सात किलो, वर्षाला अडीच टन. तुमच्या भागातला पेंढीचा भाव लावा आणि आकडा स्वतःच काढा. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी. नुसतं चरून भागवायचं तर एका घोड्यामागे चांगल्या कुरणाची दीड-दोन एकर धरतात, आणि आपला माळ दिवाळीनंतर पिवळा पडतो. दोन-चार गुंठे घोडा आठवड्याभरात मातीपर्यंत खरवडतो. मग तो कुंपणाकडे वळतो, आणि फार्महाऊसच्या कुंपणाला आपण हौसेने काय लावलेलं असतं? कण्हेर. तिची मूठ-दोन मूठ पानं घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात, वाळलेली पानंसुद्धा. घाणेरीही विषारीच. घोडा आणण्याआधी कण्हेर मुळासकट उपटा. छाटून कचरा तिथेच टाकाल तर ते जास्त वाईट.

आता हरभरा-गूळ. इथेच घोडं पेंड खातं.

उपाशी जनावर बघून माणसाचा हात सैल सुटतो. ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच एक घोडी आणली होती. कण्याच्या दोन्ही बाजूंना खोबणी पडलेल्या, शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली, खाली मान घालून उभी. संध्याकाळी आळीतली माणसं बघायला आली. कुणी भिजवलेला हरभरा आणला, कुणी गुळाची ढेप, एका आजींनी कणकेचे गोळे. घोडीने सगळं खाल्लं, सगळ्यांनी समाधानाने फोटो काढले. तिसऱ्या दिवशी तिचे पाय थरथरायला लागले, ती बसली, आणि डॉक्टर पोचेपर्यंत संपली. सगळे म्हणाले, ‘बिचारी वाचण्यातली नव्हतीच.’

होती, बहुधा. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. त्यात एकदम दाणा-गूळ पडला की रक्तात साखर वाढते, इन्शुलिन उसळतं, आणि त्याच्या जोरावर रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. साठा आधीच रिकामा, त्यामुळे रक्तातली पातळी कोसळते. हृदय, श्वास, स्नायू सगळं डळमळतं. मरण येतं ते पहिल्या रात्री नाही, तीन-चार दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा, म्हणून कुणालाच हरभरा आठवत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळा चारा देऊन पाहिला. निभावला तो वाळलेला लसूणघास, कारण त्यात स्टार्च कमी आणि फॉस्फरस-मॅग्नेशियम बऱ्यापैकी. प्रमाण ऐकून लोक मला कंजूष ठरवतात: पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो. रात्रीसुद्धा. मग आठवडाभरात हळूहळू वाढवत दिवसातून तीन वेळा, आणि दहाव्या दिवसानंतर पोटभर. चंदी, म्हणजे दाणा, सुरू करायची ती त्यानंतर बऱ्याच काळाने, डॉक्टरांना विचारून. आणि अंग भरायला महिना नव्हे, तीन ते पाच महिने धरा. फारच वाळलेला असेल तर त्याच्या दुप्पट. महिन्याभरात ‘आधी-नंतर’चे फोटो टाकायचे असतील तर गुलाब लावा.

धडधाकट झाल्यावरही हात आखडताच ठेवायचा. दाणा-गुळाचा मारा झाला की खुरांच्या आतल्या थराला सूज येते आणि घोडा आयुष्यभराचा लंगडा होऊ शकतो. रोज नुसता कोंडा चारला तर कॅल्शियम घटून हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजतात. कोंबड्यांचं खाद्य तर घोड्याजवळ ठेवूच नका. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला ते चालतं, घोड्याला मारतं.

‘मराठ्यांची घोडी रानातल्या गवतावर…’ हे वाचलं की छाती फुगते, पण इतिहास उलटं सांगतो. शिवकाळात पागेतल्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींसाठी वेगळी माणसं! पावसाळ्यात घोडी छावणीला, तिथे वैरणीचा साठा आधीपासून. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, गेलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे, पण रयतेच्या भाजीच्या देठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पत्रात घोड्यांबद्दल किती आहे याकडे लक्ष जात नाही. साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानी करून संपवलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, ही त्यात ताकीद आहे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी कशी जगतील, इथपर्यंत बारकावा. अटकेपार जाणारं घोडं हे अशा हिशेबावर गेलेलं असतं. रानात सोडून दिलेलं घोडं अटकेपार काय, खंडाळ्याचा घाटही चढत नाही.

गुरांच्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, पण गाय आणि घोडा आतून वेगळे. गाय रवंथ करते. घोड्याला तर उलटीसुद्धा होत नाही. पोटात काही अडकलं, बुरशी लागलेला कडबा गेला, की पोटशूळ. घोडा पोटाकडे वळून बघतो, पाय आपटतो, घाम फुटतो, जमिनीवर लोळतो, आणि उशीर झाला तर त्याच दिवशी जातो. घोड्यांचा सराव असलेले डॉक्टर पुण्या-मुंबईत, रेसकोर्सच्या आधाराने मिळतात. तुमच्या तालुक्यात रात्री दोन वाजता फोन उचलणारे कोण, हे घोडा ट्रकमध्ये चढण्याआधी ठरलेलं हवं. तसंच नालबंदाचं. दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरं तासावी लागतात. ओल्या लिदीत उभ्या राहिलेल्या घोड्याचा पाय एकदा उचलून बघा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत हूक फिरवला की काळा लगदा निघतो आणि त्याचा वास दिवसभर हाताला राहतो. दातही वाढत असतात, वर्षातून एकदा तपासून टोकं घासावी लागतात.

रपेटीचं विसरा, निदान पहिलं वर्ष. खोगिराने सोललेली पाठ, टांग्याने खिळखिळे झालेले गुडघे, यावर मुलं बसवणं हा त्याचा छळ. रेसचा घोडा तर जोरात पळायलाच शिकलेला. तुमचा भाचा वरून ओरडला की त्याला तो इशारा वाटणार.

एकच घोडा नेणं हेही चूक. कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की दार कुरतडतं, जागच्या जागी डुलत राहतं. दुसरा घोडा नाही तर गाढव तरी सोबतीला हवं.

राहिली कागदपत्रं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. तो माणसालाही होतो, आणि जनावराची चाचणी खात्रीने होकारार्थी आली तर कायद्याने त्याला मारावंच लागतं. म्हणून रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत आधी जायला हवा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. नवा घोडा तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, बादलीसुद्धा वेगळी. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला वाहतुकीच्या नियमांनुसार लागतो. घोडा पोलिसांनी जप्त केलेला असेल, तर खटला चालू असेपर्यंत तो मुद्देमाल असतो; सांभाळणाऱ्याला तो परस्पर कुणाला देऊन टाकता येत नाही. चांगली आश्रयस्थानं तुमची जागा बघायला येतात, आणि घोडा विकणार नाही, जमलं नाही तर त्यांच्याकडेच परत आणाल, असं लिहून घेतात. यातलं काहीच न विचारता कुणी लगाम तुमच्या हातात देत असेल, तर लगाम परत करा आणि घोडा कुठून आला ते त्याला विचारा.