पोरांना गप्प करा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

परवा आत्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझ्या पोरीला वाचून दाखव." त्यात म्हटलंय, शाळा कशी असावी हे विद्यार्थ्यांना विचारणं म्हणजे पाश्चात्त्य खूळ. पोरांना काय कळतं? उद्या गणितच काढून टाका म्हणतील. आणि मुलं बोलायला लागली की शिक्षकांचा धाक संपतो, म्हणून तक्रार घेऊन आलेल्या मुलाला घरीच गप्प करा. आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर हे फिरतंय, म्हणून लिहायला बसले.

धाकाचा मुद्दा आधी घेते, कारण तो नुसता चूक नाही, घातक आहे.

माझी पोरगी सातवीत. मार्चमध्ये तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. नागपूरचा मार्च, व्हॅनमधून उतरताना चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, आणि पाणी झाकणापर्यंत तसंच. मी दोनदा रागावले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागते. तिथल्या दाराला कडीच नाही." वर्गातल्या बहुतेक पोरी तेच करत होत्या. बाईंना सांगितलं का विचारलं, तर म्हणे, "बाई म्हणतात, आधी अभ्यासाकडे लक्ष द्या." म्हणजे धाक अगदी शाबूत होता! आणि त्या धाकाखाली पोरी दिवसभर तहानलेल्या बसत होत्या. कागदावर तिथे मुलींसाठी स्वच्छतागृह 'आहे'. एका हाताने दार ओढून धरणाऱ्या पोरीलाच फक्त माहीत असतं की ते नाही. आम्ही चार आया जाऊन भेटलो, दोन दिवसांत कडी लागली. फॉरवर्डचं ऐकून मी तिला गप्प केलं असतं तर?

शिक्षण हक्क कायदा, २००९ काढून कलम २९ वाचा. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मूल भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त राहील आणि आपलं मत मोकळेपणाने मांडायला त्याला मदत होईल, हे बघायचं असं त्यात स्पष्ट आहे. संसदेने केलेला कायदा आहे हा. तो म्हणतो बोलतं करा, तुम्ही म्हणता गप्प करा.

पाश्चात्त्य खूळ म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क त्याच्या कलम १२ मध्ये आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने आजवर त्याला मान्यता दिलेली नाही. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? १९३७ मध्ये गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या शिक्षणाचा विचार मांडला गेला तो वर्ध्यात, इथून पाऊणशे किलोमीटरवर. सेवाग्रामच्या शाळेत मुलांची आमसभा भरायची, सफाई-स्वयंपाकाची जबाबदारी मुलं वाटून घ्यायची आणि सभेत हिशेब द्यायची. आत्या, तू तर आयुष्यभर वर्ध्यात राहिलीस.

गणिताचं म्हणाल, तर अभ्यासक्रम पोरांच्या मतदानावर ठरवा असं कोणी म्हणतच नाहीये.

"पोरांना काय कळतं"? ऊन कळतं. एप्रिल २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत चालल्या. पुण्या-मुंबईच्या हिशेबाने आखलेलं वेळापत्रक, आणि इथे पारा ४४ च्या आसपास. शिक्षक-पालक ओरडले. त्या वर्गांत बसून पेपर लिहिणाऱ्या आमच्या पोरांना मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही. पंखा कुठल्या बाकापर्यंत पोचत नाही, कितव्या पेपरला डोकं दुखायला लागतं, हे तीच सांगू शकली असती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बऱ्याच शाळांतली 'विद्यार्थी संसद' हा देखावा असतो. बाईंच्या लाडक्या पोरांना बॅज लावायचे, पंधरा ऑगस्टला रांगेत उभं करायचं, संपलं. त्यावर फॉरवर्डवाल्याचा राग असेल तर माझाही आहे. पण देखावा नको असेल तर खरंखुरं विचारा. वर्गात पेटी ठेवा, चिठ्ठीवर नाव नको, आणि कुठल्या चिठ्ठीचं काय केलं ते महिन्याने फळ्यावर लिहा.

आत्या, पोरीला वाचून दाखवलं मी. आता ज्या-ज्या ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकलास, तिथे हेही टाक.